खालीं उतरलेल्या संघाचा मॅनेजर कसा निवडावा?

मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत शनिवारीं-रविवारीं रात्रीं तरुण मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसून इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने पाहत असतात. मे महिना आला, कीं या मंडळींच्या बोलण्यांत एक शब्द वारंवार येऊं लागतो, तो म्हणजे 'रेलिगेशन'. अमुक संघ खालीं गेला, असें कोणी तरी खिन्न मुद्रेनें सांगतो. त्याचा मॅनेजर गेला, आतां नवा कोण येणार, यावर जेवणाच्या पानावरहि वाद रंगतो. घरांतील वडील माणसांस या वादाचें नवल वाटतें. सातासमुद्रांपलीकडील एका गांवच्या खेळाडूंवर देखरेख कोणी करावी, याची एवढी चिंता कशाला? परंतु हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. अपयश पदरीं आलेल्या संस्थेनें आपला नवा चालक कसा निवडावा, हा तो प्रश्न आहे; आणि जेथें जेथें माणसें एकत्र येऊन एखादी संस्था चालवितात, तेथें तेथें तो केव्हां ना केव्हां उभा राहतोच.

प्रथम 'खालीं जाणें' म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ सालीं १२ संघांनिशीं सुरू झाली. चार वर्षांनीं तिला दुसरा वर्ग जोडण्यांत आला. आणि वरच्या वर्गांतील शेवटच्या संघांनीं आपोआप खालीं उतरावयाचें व खालच्या वर्गांतील पहिल्या संघांनीं वर चढावयाचें, हा नियम १८९८-९९ च्या हंगामापासून लागू झाला. सर्वांत वरच्या वर्गास १९९२ पासून प्रीमियर लीग असें नांव आहे. तींत २० संघ असतात. प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो, आणि अखेरीस तळाचे ३ संघ 'चँपियनशिप' नांवाच्या दुसऱ्या वर्गांत जातात. तेथें २४ संघ आणि प्रत्येकाचे ४६ सामने. विजयास ३ गुण, बरोबरीस १ गुण, असा हिशेब. पहिले दोन संघ सरळ वर येतात. तिसऱ्या जागेसाठीं त्यांच्या पाठोपाठच्या संघांत निराळे सामने होतात आणि त्यांतील शेवटचा सामना लंडनच्या वेंब्ले मैदानावर खेळला जातो.

शाळेंतील मुलगा नापास झाला, तर तो त्याच इयत्तेंत पुन्हां बसतो. येथें नापास झालेल्यास खालच्या इयत्तेंत पाठवितात, आणि जातांना त्याचें दप्तरहि अर्धें रिकामें करून घेतात. वरच्या वर्गांतील संघांची मोठी मिळकत दूरचित्रवाणीच्या हक्कांची असते. खालीं उतरतांच ती आटते. संघानें एकदम कोसळूं नये म्हणून त्यास कांहीं काळ साहाय्य मिळतें. हवाई छत्रीच्या उपमेनें त्यास 'पॅराशूट' रक्कम म्हणतात. २०१६-१७ पासून ठरलेल्या पद्धतीप्रमाणें, वरच्या वर्गांतील संघांस दूरचित्रवाणीची जी रक्कम सारखी वांटून दिली जाते, तिच्या एका वाट्याचे ५५ टक्के पहिल्या वर्षीं, ४५ टक्के दुसऱ्या वर्षीं आणि २० टक्के तिसऱ्या वर्षीं मिळावयाचे. आणि जो संघ वर एकच वर्ष राहून उतरला, त्यास तिसरा हप्ता नाहीं. म्हणजे छत्री वर्षागणिक लहान होत जाते. शिवाय संघांतील चांगल्या खेळाडूंस वरचे क्लब उचलून नेतात. मागें राहतात ते कोण? कांहीं निष्ठावंत, कांहीं उमेदवार मुलगे, आणि ज्यांचें जबर वेतन दुसऱ्या कोणास परवडत नाहीं असे कांहीं. हंगाम संपतो मेमध्यें आणि नवा सुरू होतो ऑगस्टच्या प्रारंभीं. त्या दोन-अडीच महिन्यांत हा सारा संसार पुन्हां मांडावयाचा असतो.

मॅनेजर हा या संस्थेचा हेडमास्तर समजावा. कोणते ११ खेळाडू मैदानांत उतरवावयाचे, त्यांना कोणत्या पद्धतीनें खेळवावयाचें, कोणास तयार करावयाचें आणि कोणास निरोप द्यावयाचा, हें तो ठरवितो. खेळाडूंची खरेदीहि पूर्वीं बहुतांशीं त्याच्याच हातीं असे. आतां पुष्कळ क्लबांत त्यासाठीं निराळा संचालक नेमलेला असतो. परंतु हेडमास्तराची नेमणूक करतें तें संस्थेचें चालक मंडळ, म्हणजे क्लबचे मालक आणि संचालक. संघ उतरला, कीं वर्तमानपत्रें आणि प्रेक्षक त्यांच्यावर तुटून पडतात. आणि त्या गडबडींत मंडळ जो पहिला प्रश्न विचारतें, तो बहुधा असा असतो : एका वर्षांत वर कोण नेईल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा असावयास पाहिजे : संघ खालीं आला तो कशानें? वैद्य औषधाच्या आधीं नाडी पाहतो. संघ कधीं मॅनेजरच्या चुकीनें उतरतो, कधीं खेळाडू थकल्यामुळें उतरतो, आणि कधीं खुद्द मालकांच्या कारभारानें उतरतो. या तीन रोगांस औषध एक नाहीं.

संडरलँडचें उदाहरण येथें फार बोलकें आहे. ईशान्य इंग्लंडमधील हें शहर जहाजबांधणीचें आणि कोळशाचें. तेथील शेवटचा जहाज-कारखाना १९८८ मध्यें बंद झाला. शहरांतील मोठी कोळशाची खाण १९९३ मध्यें मिटली, आणि तिच्याच जागेवर १९९७ सालीं फुटबॉल संघाचें नवें मैदान उभें राहिलें. बापाजाद्यांचे धंदे गेले. गांवाच्या अभिमानाचें म्हणून जें कांहीं उरलें, त्यांत हा संघ मुख्य. सलग १० वर्षें वरच्या वर्गांत राहून २०१७ मध्यें तो केवळ २४ गुण मिळवून तळाशीं आला व उतरला. मॅनेजर डेव्हिड मॉइस यांनीं राजीनामा दिला. मालक त्या सुमारास क्लब विकावयाच्या विचारांत होते. ॲबर्डीनच्या ज्या मॅनेजरकडे प्रथम विचारणा झाली, त्यांनीं नकार दिला. जूनच्या अखेरीस सायमन ग्रेसन यांची नेमणूक झाली. माणूस कांहीं सामान्य नव्हता. चार निरनिराळ्या संघांना तिसऱ्या वर्गांतून दुसऱ्या वर्गांत नेल्याचें यश त्यांच्या नांवावर होतें. परंतु ३१ ऑक्टोबरला त्यांना काढून टाकण्यांत आलें. त्यांच्या जागीं ख्रिस कोलमन आले. वेल्सच्या राष्ट्रीय संघास २०१६ च्या युरोपियन स्पर्धेंत उपांत्य फेरीपर्यंत नेणारे तेच हे कोलमन. त्यांचाहि उपाय चालला नाहीं. एप्रिल २०१८ मध्यें संडरलँड दुसऱ्या वर्गाच्याहि तळाशीं जाऊन तिसऱ्या वर्गांत उतरला. दोन वर्षांत दोन पायऱ्या!

दोन अनुभवी माणसें एकाच हंगामांत अयशस्वी होतात, तेव्हां दोष केवळ त्या माणसांत शोधणें हा अन्याय होय. मालकांचें लक्ष विक्रीकडे, तिजोरी रिती, खेळाडूंचें मन उडालेलें, अशा घरांत नवा कारभारी आणून काय होणार? आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतलाच तो प्रकार झाला. आणि अशा चुकीची किंमत भरतो कोण? मोठ्या वेतनाचे खेळाडू दुसरीकडे जातात. मॅनेजर आपला करार पुरा करून घेऊन बाहेर पडतो. मागें राहतात तिकिटांच्या खिडकीवरची बाई, मैदानावरील गवताची निगा राखणारा माणूस, आणि दर आठवड्याच्या मिळकतींतून पैसे बाजूला काढून मुलाला सामन्यास नेणारा बाप. म्हणून ही निवड म्हणजे चैनीचा खेळ नव्हे.

दुसरा प्रश्न असा, कीं आहे तोच मॅनेजर ठेवावा काय? संघ उतरला म्हणजे मॅनेजरनें जावें, असा एक संकेत पडून गेला आहे. पण १९७४ सालीं मँचेस्टर युनायटेडसारखा संघ उतरला, तेव्हां संचालकांनीं टॉमी डॉकर्टी यांना काढलें नाहीं. सहाच वर्षांपूर्वीं, १९६८ मध्यें, या क्लबनें युरोपियन चषक जिंकला होता. त्या वेळचे मॅनेजर मॅट बस्बी आतां संचालक मंडळांत होते. थोर पिढी थकली होती आणि नवी अजून पिकली नव्हती, हें रोगाचें खरें निदान होतें. आणि नव्या पिढीची पेरणी डॉकर्टी यांनीं आधींच सुरू केली होती. ते राहिले. पुढल्याच वर्षीं, १९७५ मध्यें, संघ दुसऱ्या वर्गांत पहिला आला आणि १९७७ मध्यें त्यानें एफ. ए. चषक जिंकला.

न्यूकॅसलनें हाच धडा दोन प्रकारांनीं दाखविला. २०१६ मध्यें संघ उतरला तेव्हां राफाएल बेनिटेझ मॅनेजर होते. त्यांना येऊन दोन महिनेच झाले होते व त्यांच्या वांट्यास १० सामने आले होते. लिव्हरपूलला २००५ मध्यें युरोपचें अजिंक्यपद मिळवून देणारा हा माणूस खालच्या वर्गांत कशाला राहील, असें सर्वांस वाटलें. शेवटच्या दिवशीं, उतरणें निश्चित झालेलें असतांहि, संघानें टॉटनहॅमला ५-१ असें हरविलें, आणि प्रेक्षकांनीं मॅनेजरच्या नांवाचा गजर करून त्यांना राहण्याची गळ घातली. ते राहिले, आणि २०१७ मध्यें ९४ गुणांनिशीं संघ पहिला येऊन परतला.

त्यापूर्वीं २००९ मध्यें याच संघाची अवस्था याहून वाईट होती. एका हंगामांत संघाची सूत्रें चार जणांच्या हातून गेलीं होतीं. शेवटचे ८ सामने गांवचे लाडके माजी खेळाडू ॲलन शिअरर यांच्याकडे दिले. तरी संघ उतरला. मालकांनीं क्लब विकावयास काढला, आणि नव्या मॅनेजरची नेमणूक लांबत गेली. ख्रिस ह्यूटन हे क्लबमधीलच शिक्षक तात्पुरते काम पाहत होते. जुलैमध्यें लेटन ओरिएंट या तिसऱ्या वर्गांतील संघानें त्यांना ६-१ असें लोळविलें. त्यानंतर खेळाडू एकत्र बसले आणि आपसांत मोकळेपणीं बोलले. ज्याला जावयाचें होतें तो गेला. राहिले ते मनानें राहिले. ह्यूटन शांत वृत्तीचे, खेळाडूंच्या ओळखीचे आणि गाजावाजा न करणारे. ऑक्टोबरमध्यें त्यांना कायम करण्यांत आलें. १०२ गुण मिळवून आणि स्वतःच्या मैदानावर लीगचा एकहि सामना न हरतां संघ वर आला. संडरलँडप्रमाणें येथेंहि मालकांचें चित्त थाऱ्यावर नव्हतें, मग यश कसें आलें? कारण येथें चांगले खेळाडू पुष्कळ शिल्लक होते. उणीव होती ती स्थैर्याची, आणि ती घरांतल्याच माणसानें भरून काढली. 'पिकतें तेथें विकत नाहीं' म्हणतात तें खोटें नाहीं. घरच्या माणसाकडे मंडळाचें लक्ष सर्वांत शेवटीं जातें. ह्यूटन यांचें फळ मात्र निराळेंच निघालें. संघ वरच्या वर्गांत मध्यावर असतांना, डिसेंबर २०१० मध्यें, त्यांना काढून टाकलें. गरज सरो, वैद्य मरो!

तिसरा प्रश्न मोठा नाजूक आहे. ज्याच्या कपाळीं अपयशाचा टिळा लागला आहे, असा उमेदवार घ्यावा काय? जर्मनीचे डॅनियल फार्क यांनीं नॉरिचला २०१९ मध्यें वर नेलें. २०२० मध्यें तोच संघ त्यांच्या हाताखालीं उतरला. नॉरिचनें त्यांना तेव्हां ठेवलें, आणि २०२१ मध्यें त्यांनीं संघ पुन्हां वर आणला. पुढें २०२३ मध्यें लीड्स उतरला, तेव्हां त्यांनीं याच फार्क यांना बोलाविलें. पहिल्या वर्षीं ९० गुण मिळवूनहि लीड्स वेंब्लेवरील शेवटच्या सामन्यांत साउथॅम्प्टनकडून १-० असा हरला. येथें मंडळ डळमळलें असतें, तर नवल नव्हतें. परंतु त्यांनीं धीर धरला. २०२५ मध्यें १०० गुणांसह लीड्स पहिला आला. परीक्षकानें उत्तरपत्रिकेवरील केवळ अखेरचा आंकडा पाहूं नये. उदाहरण कोणत्या रीतीनें सोडविलें आणि गणित कोठें चुकलें, तेंहि पाहावें.

चौथा प्रश्न बहुतेक मंडळें विसरतात. संघ वर गेला, तर पुढें काय? लँकेशायरमधील बर्नली हें जुनें कापडगिरण्यांचें गांव. १८८८ च्या पहिल्या १२ संघांत बर्नलीचा संघ होता. जवळजवळ १० वर्षें तेथें शॉन डाइच यांचा अंमल होता. त्यांची रीत कष्टाची आणि बचावाची. एप्रिल २०२२ मध्यें, ८ सामने उरले असतांना, त्यांना काढलें. तरी संघ उतरलाच. नंतर मंडळानें अगदीं उलट वळणाचा माणूस निवडला. बेल्जमचे व्हिन्सेंट कोम्पनी हे मँचेस्टर सिटीचे माजी कर्णधार. तरुण खेळाडू, चेंडू आपल्या ताब्यांत राखून खेळावयाचें, अशी त्यांची पद्धत. जुने खेळाडू मोठ्या संख्येनें गेले व नवे आले. २०२२-२३ मध्यें १०१ गुण मिळाले, आणि ७ सामने शिल्लक असतांनाच वर जाणें निश्चित झालें. सारे गांव हरखून गेलें. परंतु वरच्या वर्गांत समोरचे संघ अधिक बलवान. जी रीत खाली राजा होती, ती तेथें रंक ठरली. ३८ सामन्यांत २४ गुण, आणि संघ पुन्हां खालीं.

नवल असें, कीं कोम्पनी यांना जर्मनीच्या बायर्न म्युनिकनें बोलावून नेलें. आणि बर्नलीला दोन वर्षांत दुसऱ्यांदां मॅनेजर शोधण्याची पाळी आली. या वेळीं निवड झाली स्कॉट पार्कर यांची. फुलहॅमला २०२० मध्यें आणि बोर्नमथला २०२२ मध्यें त्यांनीं वर नेलें होतें. त्यांनीं आधीं तटबंदी केली. २०२४-२५ मधील ४६ सामन्यांत बर्नलीवर केवळ १६ गोल झाले. लीड्सइतकेच १०० गुण झाले. गोलांच्या फरकानें मात्र दुसरा क्रमांक आला. एकाच गांवानें दोन परस्परविरुद्ध मार्गांनीं तेंच शिखर गांठलें. यावरून असें दिसतें, कीं खालच्या वर्गांतून निघण्याची एकच एक किल्ली नाहीं. आणि वर चढणें व वर टिकणें या दोन निराळ्या परीक्षा आहेत. शहाण्या मंडळानें उमेदवारास दोन्हींचा अभ्यास विचारावा.

शेवटची गोष्ट धीराची. लिव्हरपूलचा संघ १९५४ मध्यें शेवटचा येऊन उतरला, तो ८ हंगाम खालींच राहिला. पांच वर्षांत दोन मॅनेजर झाले. डिसेंबर १९५९ मध्यें हडर्सफील्डहून बिल शँक्ली आले. त्यांनीं पुष्कळ खेळाडू बदलले, पण बॉब पेझली, जो फेगन ही शिक्षकमंडळी तशीच ठेवली. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला, आणि त्या काळीं वर जात ते दोनच. मंडळ थांबलें. १९६२ मध्यें संघ पहिला येऊन वर गेला, आणि १९६४ मध्यें त्यानें सर्व इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें. पुढें पेझली आणि फेगन क्रमानें मॅनेजर झाले व दोघांनींहि युरोपियन चषक जिंकला. नव्या माणसानें जुन्या घरांतील चांगलें तें ओळखलें, म्हणजे त्याचें फळ असें पिढ्यांपर्यंत पुरतें.

संडरलँडचें पुढें काय झालें? तो संघ ४ हंगाम तिसऱ्या वर्गांत राहिला. २०२१ मध्यें मालक बदलले. तरुण खेळाडू घ्यावयाचे, त्यांना घडवावयाचें आणि खर्च आवांक्यांत ठेवावयाचा, असें धोरण ठरलें. २०२२ मध्यें संघ दुसऱ्या वर्गांत आला. तेथेंहि मॅनेजर बदलत राहिले. २०२३-२४ मध्यें तर १६ वा क्रमांक आला. फेब्रुवारी २०२४ पासून चार महिने कायमचा मॅनेजर नव्हता; लोक चिडले, पण क्लबनें घाई केली नाहीं. जूनमध्यें निवड जाहीर झाली ती फ्रान्सच्या रेजिस ल ब्री यांची. त्यांचा लॉरियाँ हा संघ त्याच वर्षीं फ्रान्सच्या वरच्या वर्गांतून उतरला होता. उतरलेल्या संघाचा मॅनेजर आणून वर कसें जाणार, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु या गृहस्थाचें बरेंच आयुष्य मुलगे आणि तरुण खेळाडू घडविण्यांत गेलें होतें; आणि संडरलँडचा संघ तर तरुणांचाच होता. घर आधीं सावरलें, कोणता माणूस हवा हें नंतर ठरलें, आणि त्या मापाचा माणूस शेवटीं शोधला. २०१७ मध्यें हा क्रम उलटा होता.

२४ मे २०२५ रोजीं वेंब्ले मैदानावर संडरलँडनें शेफील्ड युनायटेडला २-१ असें हरविलें. विजयाचा गोल झाला तो सामन्याची नेमलेली वेळ संपून गेल्यावर, वाढवून दिलेल्या मिनिटांत. आठ वर्षांपूर्वीं जो संघ उतरला होता, तो पुन्हां वरच्या वर्गांत गेला. त्या वेळीं बापाचें बोट धरून मैदानावर जाणारीं मुलें तोंवर मोठीं झालीं होतीं.